दौलू भिवंडीला गेला तेव्हा

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी एक वही उघडते आणि त्या महिन्यात काय काय वाचलं ते लिहून काढते. पुस्तकाचं नाव, कुठे वाचलं, कितपत पटलं, कुठे कंटाळा आला. मग त्याचा फोटो काढून आमच्या वाचकांच्या ग्रुपवर टाकते. या महिन्यात ग्रुपवरच्या एका बाईंनी चौदा पुस्तकांची यादी टाकली आहे. खाली टाळ्यांची रांग लागली आहे. माझ्या वहीत या महिन्याला एकच नाव आहे, आणि तेही असं की ग्रुपवर कुणी ऐकलेलं नसणार.

एरवी मी असल्या यादीपुढे खजील झाले असते. सबबी माझ्याकडे भरपूर आहेत. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. पावणेसातची बस चुकली की दिवसाची घडी बिघडते. लेक दहावीत आहे. तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून आई, आमची अम्मा, माझ्याकडे असते. बसमध्ये चार पानं होतात, तीही शेजारची बाई गप्प असेल तर. पण या खेपेला मी एकही सबब लिहिलेली नाही. एकच पुस्तक वाचलं, महिनाभर वाचलं, मोठ्यांदा वाचलं, आणि मान ताठ करून सांगते आहे.

झालं असं की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. दारातच जुन्या, नादुरुस्त पुस्तकांचा ढीग रद्दीसाठी बांधून ठेवला होता. दोरीखाली सगळ्यात वर एक हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. एका कोपऱ्याला पुठ्ठा सोललेला, आणि त्यावर बोटभर तपकिरी डाग. मी तिथेच थांबले. माणूस गर्दीत आपलं माणूस पाठीवरून ओळखतो, तसं मी ते डागावरून ओळखलं. ग्रंथपाल म्हणाले, “न्या की ताई. नाहीतर रद्दीतच जाणार हाय.” बसस्टॉपवर उघडून बघितलं, तर पानांच्या शिवणीत अजून तंबाखूचा चुरा अडकलेला होता. वास आला की मला तो आल्यासारखा वाटला, कोण जाणे. दोन बस सोडल्या मी त्या दिवशी.

आमची गल्ली सोलापुरातली, विडी कामगारांची. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि भांडताना दोन्ही. गडीमाणसं यंत्रमागावर, बाया विड्यांवर. सकाळपासून मागांची खटखट सुरू व्हायची, ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. शाळेतून दुपारी यायचं, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायची आणि आमच्या घराच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं. तिथे सहा जणी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असायच्या. सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कापलेली पानं. विडीचं पान आदल्या दिवशी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. ते फडकं उलगडलं की रानासारखा एक कच्चा, ओलसर वास येतो. त्यावर तंबाखूचा तिखट वास चढतो, आणि दोन्ही मिळून जो वास होतो तो माझ्या बालपणाचा वास. आजही कुणी अत्तराची बाटली पुढे केली की मला वाटतं, छान आहे, पण ते नव्हे.

उन्हाळ्यात कट्टा तापायचा, तेव्हा गोणपाटावर पाणी शिंपडून त्यावर बसायचं. पानं लवकर वाळायची म्हणून बाया चिडलेल्या असायच्या. थंडीत, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे लागायच्या सुमाराला, ऊन सरकेल तसा सगळा कट्टाच सरकत जायचा. वारा सुटला की तंबाखू उडायची आणि सहाही जणी एकामागून एक शिंकायच्या. शिंकताना हात मात्र थांबायचे नाहीत. पान घ्यायचं, तंबाखू पेरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोटांकडे बघायची कुणाला गरजच नव्हती. डोळे आणि कान रिकामे असायचे, आणि त्यांना काहीतरी लागायचं.

आधी रेडिओ होता, नरसव्वाचा. नरसव्वा आमच्या कट्ट्यावरची सगळ्यात थोरली, म्हणून कट्ट्यावरचा कायदा तिचा. तो रेडिओ एका पावसाळ्यात जो बसला तो उठलाच नाही. दोन दिवस नुसती उणीदुणी काढून झाली. तिसऱ्या दिवशी नरसव्वा माझ्याकडे बघून म्हणाली, “ही पोरगी शाळंत जाती न्हवं? मग बसलीया कशाला? चदुवु.” म्हणजे वाच. मी मराठीचं पाठ्यपुस्तक वाचलं. आठवड्यात संपलं. मग भूगोल वाचला, तोही त्यांनी ऐकून घेतला. शेवटी अम्मा स्वतः माझा हात धरून वाचनालयात आली आणि तिथल्या टेबलाशी म्हणाली, “हिला गोष्टीचं पुस्तक द्या. मोठं द्या. रोज लागतंय आमाला.”

एक अडचण होती. माझ्या वयाच्या पोरींना कट्ट्यावर काम असायचं. वळलेल्या विड्यांची तोंडं मोडायची, जुड्या बांधायच्या. हातात पुस्तक धरलं की ते काम कोण करणार? यावर नरसव्वानं तोडगा काढला. माझ्या वाटणीचं काम त्या सहा जणींनी आपसात वाटून घेतलं. रोज प्रत्येकीनं आपलं संपल्यावर थोडं माझं करायचं. त्यांतल्या एकीलाही अक्षर ओळखता येत नव्हतं. वाचकांच्या सभांमधून मी पुढे वाचनसंस्कृतीवरची बरीच भाषणं ऐकली. त्या सहा जणींच्या बोटांइतकं तिला कुणी दिलेलं मला तरी माहीत नाही. हे मी अभिमानानंच लिहिते आहे, कुणाला जड वाटलं तर वाटो.

तर ते हिरवं पुस्तक. एका नावाड्याची गोष्ट होती. त्याचं नाव दौलू. आईबाप नाहीत, एक धाकटी बहीण, तिचं लग्न व्हायचंय. दौलू नाव चालवतो, गाणी म्हणतो, सावकाराशी भांडतो, बहिणीला बांगड्या आणतो. दहा प्रकरणांत दौलू आमच्या गल्लीतलाच झाला. मी अवघड वाक्य आलं की तेलुगूत सांगायची, आणि तेलुगूत दौलू जरा जास्तच देखणा व्हायचा. राजव्वा, अम्माची मैत्रीण, तेव्हा नुकतं लग्न होऊन आलेली. ती तर म्हणायची, “असला भाऊ मला असता तर मी माहेर सोडलंच नसतं.” बारा वर्षांची मी, पुस्तक मांडीवर घेऊन बसायची, आणि सहा मोठ्या बायांचे श्वास माझ्या आवाजावर वरखाली व्हायचे. मला त्याची लई ऐट होती.

अकराव्या प्रकरणात दौलू पुरात गेला.

पलीकडच्या काठावरच्या एका बाळंतिणीला आणायला त्यानं नाव घातली आणि नाव उलटली. मी वाचत गेले. मला स्वतःला पुढचं ठाऊक नव्हतं. नरसव्वानं पदर तोंडाला लावला. राजव्वा हुंदके द्यायला लागली. अम्मा खाली बघत होती आणि तिच्या सुपात टपटप पाणी पडत होतं. पण हात चालूच होते. विडी वळणाऱ्या बाईचे हात कशानंच थांबत नाहीत, हीच त्या दिवशी चूक झाली. थांबले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी विडी कारखान्यात माल द्यायला सगळ्या जणींबरोबर मीही गेले होते. तिथला माल तपासणारा चेकर एकेक जुडी उचलायचा, बोटांनी चाचपायचा. त्यानं नरसव्वाची विडी चिमटीत धरली, तर ती मऊ. आत तंबाखू कमी, वळण सैल, दोरा नुसता गुंडाळलेला. मग राजव्वाची. मग अम्माची. सहा जणींचा माल त्यानं छाटात टाकला, म्हणजे नापास. असं कधी झालं नव्हतं. आमच्या कट्ट्याच्या विड्यांना तो न बघता हात लावायचा. तो भडकला. “काल काय मयताला गेलता काय समद्या?”

आता सांगणार तरी काय? मग नरसव्वा डोळ्याला पदर लावून म्हणाली, “व्हय साहेब. दौलू गेला आमचा.”

“कोण दौलू?”

“भाऊच की. पुरात गेला.”

चेकर एकदम नरमला. “आरारा,” म्हणाला. “मग काल सुटी घ्यायची न्हाय का?” छाट झाला तो झालाच, पण त्यानं नवं पान-तंबाखू न कुरकुरता दिलं. निघताना मात्र बजावलं, “या खेपंला ठीक हाय. पुन्हा असला माल आला तर मला काम बंद करावं लागंल.”

काम बंद म्हणजे सहा घरांच्या चुली. कट्ट्यावर आल्यावर अम्मा म्हणाली, “उद्या पुस्तक परत देऊन ये. आता वाचायचं न्हाय.” तिचा आवाज खाली गेला होता. अम्मा रागावली की ओरडत नाही, तिचा आवाज खाली जातो आणि मग त्या गोष्टीवर पुन्हा बोलणं नसतं. राजव्वा म्हणाली, “एकदा बघू तरी, पुढं काय हुतंय.” अम्मा म्हणाली, “मेलेल्या माणसाचं पुढं काय हुतंय?”

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात बसून बारावं प्रकरण एकटीनं वाचलं. दौलू परत येईल अशी मला आशा होती. आला नाही. पानभर बहिणीचा आक्रोश होता. पुस्तक गेलं की माझं काय उरणार, ते मला स्वच्छ दिसत होतं. विड्यांची तोंडं मोडणं, आणि पुढच्या वर्षी बहुतेक माझं स्वतःचं सूप. शेजारच्या माझ्याएवढ्या पोरींना ते मिळालंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन कट्ट्यावर गेले आणि म्हणाले, “अम्मा, दौलू मेलेला न्हाय. मी पुढचं बघितलंय.”

सहाही सुपं हलायची थांबली. मी बारावं प्रकरण उघडलं. पानावर छापलं होतं की बहिणीनं काठावर कपाळ आपटलं. मी वाचलं, “चौथ्या दिवशी पोस्टमन आला. त्याच्या हातात भिवंडीहून आलेलं पत्र होतं.”

भिवंडी का, तर आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष मागाच्या कामाला तिकडे गेले होते. माझ्यासाठी जगात दोनच गावं होती, सोलापूर आणि भिवंडी. गेलेला माणूस भिवंडीलाच जाणार. नरसव्वानं तेवढं विचारलं, “पुरातनं एकदम भिवंडीला कसा गेला गं?” मी म्हणाले, “खाली एका पुलाशी लागला. तितनं ट्रक मिळाला.” नरसव्वा म्हणाली, “मग बराबर.” आणि राजव्वा अशी हसली की तिच्या सुपातली तंबाखू सांडली.

त्या दिवशीच्या विड्या चेकरनं दोनदा चाचपल्या. दगडासारख्या घट्ट. आठवड्यानं त्यानं नरसव्वाला हळूच विचारलं, “भावाचं दिवस कधी?” नरसव्वा म्हणाली, “घावला की साहेब! जिता हाय. भिवंडीला.” तो म्हणाला, “मग साखर कुठं हाय?” दुसऱ्या दिवशी नरसव्वा त्याच्यासाठी खरंच साखर घेऊन गेली, आणि बिचाऱ्यानं ती खाल्ली.

पुढची चार वर्षं, माझी दहावी होईपर्यंत, आमच्या कट्ट्यावर कुणी मेलं नाही. पुस्तकात कुणाला खोकल्याची उबळ आली, कुणाच्या मागे तलवार लागली, कुणी विहिरीच्या काठाशी गेलं, की मी दोन पानं आधीच सावध व्हायची. मग तो भिवंडीला. एक म्हातारे आजोबा गेले, एक शाळामास्तर गेले, एक अख्खा राजा गेला. राजव्वा म्हणाली, “राजाला मागावर कोण घेणार गं?” तिकडून मग पत्रं यायची. दौलूची तर पुस्तक संपल्यावरसुद्धा यायची, कारण बाया विचारायच्या. खोलीच्या खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं, असं त्यानं लिहिलं. मालक बरा आहे. तुझ्या लग्नाला लुगडं आणीन. मी ती पत्रं शाळेच्या वाटेवर रचायची आणि दुपारी पुस्तकात बघून वाचायची. खोटं वाचताना मी कधी अडखळले नाही. अडखळायची ती खरं वाचतानाच.

ती माणसं आता फारशी उरली नाहीत. नरसव्वा जाऊन खूप वर्षं झाली. कट्ट्यावर दुचाक्या उभ्या असतात. गल्लीतली खटखट विरळ झाली आहे. सहा जणींतल्या दोघी उरल्या, आमची अम्मा आणि राजव्वा. राजव्वा अजून तिथेच, मुलाकडे राहते.

पुस्तक घरी आणलं तेव्हा अम्मानं ते हातात घेतलं, डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “दौलूचं?” तिला अजूनही वाचता येत नाही. मी हो म्हटलं. “वाच की मग,” ती म्हणाली. कारखान्यातून आल्यावर, चहा झाला की रोज तीन-चार पानं. मी वाचायची आणि अम्माची बोटं पदराचा काठ वळत राहायची. महिनाभर दुसरं पुस्तक हातात धरलं नाही. आणि जसजसं अकरावं प्रकरण जवळ येत गेलं, तसतशी माझी रोजची पानं कमी होत गेली. पुन्हा भिवंडी वाचायची, की खरं? अम्मानं आयुष्यभर एकच गोष्ट मिरवली होती, आमची पोरगी पुस्तकातलं वाचून दाखवायची. त्या पोरीनं पुस्तकात नसलेलं वाचलं, हे तिला कसं सांगायचं? पण पंचेचाळिशीच्या बाईला आईपुढे तेच खोटं दुसऱ्यांदा वाचवेना. मागच्या बुधवारी मी दौलूला पुरात जाऊ दिलं. गुरुवारी बारावं प्रकरण छापलं होतं तसं वाचलं.

अम्मानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भिवंडीचं पान गळालं काय?” आणि पुस्तक घेऊन शिवण चाचपू लागली. “शिवण तर धड हाय.”

“अम्मा, ते पान नव्हतंच. मी रचलं होतं.”

“आन पत्रं?”

“तीपण मीच.”

“आंब्याच्या झाडाचं?” तिचा आवाज खाली गेला होता.

“तेपण.”

मला खरंच भीती वाटली, बाराव्या वर्षी वाटली होती तशीच. तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. “राजव्वाला फोन लाव,” म्हणाली. मी लावला. अम्मा फोन तोंडासमोर धरून ओरडली, “अगं राजव्वा! दौलू भिवंडीला गेलाच न्हवता. आमच्या पोरीनं रचलं हुतं ते! एवढीशी हुती, बारा वर्साची. सा जणींला चार वर्सं फशिवलं बघ हिनं. एक विडी छाट हू दिली न्हाय!” तिचा आवाज असा चढला होता की लेक अभ्यास सोडून दारात आली. माझ्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही अम्मा इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.

फोनवर पलीकडे मात्र राजव्वा हसली नाही. तिनं विचारलं, “म्हंजी पुरातच गेला व्हय दौलू?” अम्मा म्हणाली, “व्हय गं.” राजव्वा म्हणाली, “येते मी आइतवारी.”

आज रविवार. सकाळी मी वही उघडून एवढं लिहिलं तोवर रिक्षा थांबली. राजव्वा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढली. हातात फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. नेहमीसारखी “काय गं, बरी हायस?” म्हणाली नाही. अम्मापाशी जाऊन बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला. मी पाणी नेलं. गॅसवर कुकर होता, त्याची शिट्टी झाली.

राजव्वानं गाठोडं माझ्याकडे सरकवलं. उघडलं तर ज्वारीच्या भाकरी आणि डब्यात पिठलं, अजून गरम. ज्या घरात माणूस जातं त्या घरी आमच्याकडे असं नेतात. तिनं आपल्या थकलेल्या हातांनी पहाटे उठून केलं होतं.

“आता विड्या न्हाईत, चेकर न्हाय,” ती म्हणाली. “आता रडाय यील. बस, वाच.”

मी पुस्तक घेऊन त्यांच्या समोर बसले.

“थांब,” राजव्वा म्हणाली. “आदी तो गॅस बंद कर. सुतकाच्या घरी चूल पेटवत न्हाईत.”

मी उठून गॅस बंद केला आणि अकरावं प्रकरण उघडलं.